मधमाशी आणि हनी पॉसम: तुलना एका माशीशी करू नका

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. लेक नववीत आहे. शाळेतून प्रकल्प मिळालाय: एक कीटक आणि एक लहान शिशुधानी प्राणी घ्या आणि दोघांची तुलना करा. शिशुधानी म्हणजे कांगारूसारखे, पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारे प्राणी. लेकीने मधमाशी आणि ऑस्ट्रेलियातला हनी पॉसम निवडलेत, कारण दोघंही फुलांवर जगतात. आता ताई विचारतात, पॉसमही मकरंदच पितो, मग तो मध का करत नाही? परागणाचं काम दोघांत चांगलं कोण करतं? आणि हा प्राणी आपल्या ग्वाल्हेरला जगेल का? तक्त्यात आकार, आहार, प्रजनन आणि उपयोग असे चार रकाने भरायचे आहेत.

निवड झकास आहे. माझं पोट मधपेट्यांवर चालतं. हिवाळ्यात मुरैना आणि ग्वाल्हेरच्या मोहरीत पेट्या असतात, मोहरी संपली की ट्रकात चढवून दुसरीकडे. त्यामुळे माशीबद्दल जे सांगेन ते हाताखालचं आहे. पॉसमबद्दलचं वाचलेलं आहे, पण फुलांवर जगणारा सस्तन प्राणी म्हटल्यावर मी त्याच्यामागे बराच लागलो होतो.

आधी त्याची ओळख. शास्त्रीय नाव टार्सिपेस रोस्ट्रॅटस. स्थानिक नूंगार लोकांचं नाव नूलबेंगर. नैऋत्य ऑस्ट्रेलियाच्या एका कोपऱ्यात राहतो आणि जगात इतर कुठेच नाही. त्याच्या कुळात आज ही एकच जात उरली आहे. दिसायला उंदरासारखा, पण उंदराशी नातं नाही. गण कांगारूचाच. अंगाची लांबी सहा ते नऊ सेंटिमीटर, शेपूट त्याहून लांब आणि फांदीला वेटोळं घालणारी. पाठीवर तीन गडद पट्टे, तोंड निमुळतं. नराचं वजन सात ते अकरा ग्रॅम, मादी थोडी मोठी. नावात हनी असलं तरी तो मध खात नाही. फुलातला मकरंद आणि पराग, एवढंच त्याचं जेवण. किडामुंगी नाही, फळ नाही, पान नाही. वटवाघळं सोडली तर निव्वळ फुलांवर जगणारा दुसरा सस्तन प्राणी जवळपास नाहीच.

आता तक्त्याचा पहिला रकाना, आकार. लेकीने लिहिलं असेल: मधमाशी बारा-तेरा मिलिमीटर, वजन साधारण १०० मिलिग्रॅम, पॉसम दहा ग्रॅम, म्हणजे शंभर माश्यांएवढा. बरोबर आहे. पण माझं म्हणणं असं की ही तुलनाच चुकीच्या दोघांत चालली आहे. एकटी कामकरी माशी म्हणजे काही पूर्ण प्राणी नव्हे. पेटीतून काढून डबीत एकटी ठेवली, शेजारी साखरपाणी ठेवलं, तरी ती फार दिवस काढत नाही. तिला पिल्लं होत नाहीत. रात्रीच्या थंडीत ती स्वतःला ऊबदार ठेवू शकत नाही. पॉसमच्या समोर उभं करायचं असेल, तर पूर्ण वसाहत उभी करायला हवी: एक राणी, वीस-तीस हजार कामकरी, हंगामात काहीशे नर. हे सगळं मिळून दोन-तीन किलोचं एक जनावर होतं. एकोणिसाव्या शतकात योहानेस मेहरिंग नावाच्या जर्मन मधपाळाने हेच म्हटलं होतं, की मोहोळ म्हणजे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यासारखा एकच जीव. माणूस धंद्याने सुतार होता. पेटी रोज उघडणाऱ्याला हे पटायला वेळ लागत नाही.

पटावं असं काय आहे? पहिली गोष्ट ऊब. जानेवारीत ग्वाल्हेरला पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो, धुकं अकरा-अकरा वाजेपर्यंत उठत नाही. अशा वेळी झाकण काढून मधल्या चौकटीच्या पिल्लावावर, म्हणजे अळ्या वाढतात त्या भागावर, तळहात धरला तर चक्क गरम लागतं. तिथे ३४-३५ अंश असतात. (झाकण काढू नये, पिल्लाव गारठतो, पण शिकवताना एकदा दाखवावं लागतं.) माश्या उडण्याचे स्नायू पंख न हलवता थरथरवतात, त्यातून उष्णता निघते आणि मधाचा साठा हे त्यांचं सरपण. एकटी माशी दहा अंशांखाली गारठून पडते. तीच वीस हजारांत असली की सस्तन प्राण्याच्या तापमानाला पिल्लं वाढवते.

पॉसमचं तापमान जागेपणी ३६-३७ अंश असतं. पण दहा ग्रॅमच्या देहाला हे परवडणं कठीण. शरीर जितकं लहान तितकी वजनाच्या मानाने कातडी जास्त, आणि उष्णता कातडीतून जाते. त्यावर त्याची युक्ती अशी: थंडी पडली आणि अन्न कमी मिळालं की तो काही तासांसाठी शरीराची भट्टी विझवून टाकतो. तापमान भोवतालच्या हवेच्या जवळपास उतरतं, श्वास मंद होतो, हात लावला तर मेल्यासारखा थंडगार. थोडं तापलं की पुन्हा चालायला लागतो. म्हणजे थंडीत माश्या साठा जाळून ऊब टिकवतात आणि पॉसमकडे साठा नसल्यामुळे तो ऊबच सोडून देतो. याच्यातच ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलं.

उरलेलं अर्धं फुलांच्या पंचांगात आहे. हा माझ्या धंद्याचा विषय आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आमच्या पट्ट्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी मोहरी. त्या वेळी माणसाने हात नुसते मोकळे ठेवायचे, काम माश्या करतात. मोहरी सरली की धण्याच्या शेतात, कुणी कोटा-बारांकडे, कुणी गुण्याकडे. काहीजण मार्चमध्ये लिचीसाठी थेट मुझफ्फरपूर गाठतात. मग बरसीम, शिसव, करंज, कडुनिंब, असं थोडंथोडं. मे-जून आले की सगळं करपतं. पारा पंचेचाळीसच्या वर, शेतं उघडी, पाण्यासाठी माश्या नळांवर गर्दी करतात. पावसाळ्यात बाजरीचा पराग मिळतो, पुढे तीळ येतो, पण मकरंदाची बोंबच असते. त्या दिवसांत आम्ही साखरेचा पाक देतो, नाहीतर वसाहत उपाशी मरते किंवा उठून जाते. थोडक्यात, तीन-चार महिने लयलूट आणि बाकी उपासतापास. अशा मुलखात फुलांवर जगायचं तर साठा हवाच. रानातल्या माशीच्या हजारो पिढ्या याच हिशोबाने घडल्या. आग्या माशी साठ्याबरोबर आणखी एक करते: फुलं संपली की पोळं सोडून दूरवर निघून जाते आणि हंगामात परत येते. आम्ही ट्रक करतो, ती पंखांनी जाते.

नैऋत्य ऑस्ट्रेलियात गोष्ट वेगळी आहे. जमीन वाळूची, कमालीची निकस. पण त्या निकस जमिनीवर वनस्पतींच्या सात हजारांहून जास्त जाती आहेत, त्यातल्या निम्म्या फक्त तिथेच सापडतात. बँक्सिया नावाच्या तिथल्या झाडाझुडपांच्याच कितीतरी जाती, प्रत्येकीचा हंगाम वेगळा. एक संपते तेव्हा दुसरी फुलते. हिवाळ्यातही फुलं असतात, किंबहुना काही बँक्सिया हिवाळ्यातच फुलतात. वर्षातला असा महिना नाही की मकरंद नाही. ज्याच्या दाराशी रोज दूधवाला येतो त्याने फ्रिज का घ्यावा? पॉसम मध करत नाही कारण त्याला गरज पडली नाही, आणि गरज पडत नाही म्हणून तो त्या एका कोपऱ्याबाहेर जाऊ शकला नाही. माझ्या मते लेकीच्या प्रकल्पातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच व्हायला हवं.

मध न करण्याला आणखी एक कारण आहे, पाण्याचं. मकरंद म्हणजे बहुतांशी पाणी, त्यात विरघळलेली साखर. दोघांपुढेही प्रश्न एकच: या पाण्याचं करायचं काय? माशी मकरंद पोटाच्या वेगळ्या पिशवीत आणते, पेटीतल्या माशीला तोंडातोंडी देते. ती त्याचा थेंब सोंडेवर पसरवते, आत घेते, पुन्हा पसरवते, मग पोळ्यातल्या मेणाच्या घरात भरते. रात्रभर शेकडो माश्या पंखांनी वारा घालत उभ्या असतात. मोहरीच्या ऐन हंगामात रात्री पेट्यांजवळ उभं राहिलं तर ती घरघर ऐकू येते आणि दारातून आंबूस-गोड वाफ येते. पाणी वीस टक्क्यांच्या खाली आलं की माश्या वर मेणाचं झाकण बसवतात. मग तो मध वर्षानुवर्षं टिकतो. एवढं काम एकट्याने होत नाही. पॉसम एकटा राहतो, त्याच्याकडे ना मेण, ना हजार पंख. तो पाणी सरळ लघवीवाटे टाकतो. नऊ ग्रॅमच्या पॉसमला दिवसाला सात मिलिलिटर मकरंद आणि एक ग्रॅम पराग लागतो असा हिशोब त्याच्या अभ्यासकांनी मांडलाय. आपल्या वजनाच्या तीन-चतुर्थांश पाणी तो रोज आतून बाहेर काढतो. मूत्रपिंडं तशी घडलेली आहेत. सात मिलिलिटर म्हणजे कामकरी माशीच्या जवळपास दोनशे फेऱ्यांचा माल, हेही तक्त्यात टाकायला हरकत नाही.

आता आहारातला दुसरा भाग, पराग. लोकांना मध दिसतो, पराग दिसत नाही. साखरेने फक्त ताकद मिळते, शरीर बांधायला प्रथिनं लागतात आणि दोघांनाही ती परागातूनच मिळतात. परागकणाचं कवच मात्र भलतंच चिवट. दोघंही ते चावून फोडत बसत नाहीत. माशीला तसे दातच नाहीत. पॉसमला आहेत, पण खालचे पुढचे दोन दात सोडले तर बाकीचे नुसते खुंट, चावायच्या कामाचे नाहीत. दोघांच्याही पोटात कवच तसंच राहतं, आतला ऐवज पचतो आणि रिकामी टरफलं बाहेर पडतात. कीटक आणि सस्तन प्राणी, वंश कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झालेले, आणि परागापुढे दोघांनी मार्ग एकच काढला.

जिभाही बघा. माशीची जीभ केसाळ, टोकाशी छोटी पळी, लांबी सहा-सात मिलिमीटर. आपल्या सातेरी माशीची आणखी आखूड. पॉसमची जीभ नाकाच्या पुढे लांबवर जाते, टोकावर ताठ केसांचा ब्रश. टाळूवर आडव्या कडा असतात. जीभ आत घेताना त्या कडांवर घासली जाते आणि ब्रशवरचा पराग खरवडून निघतो. माशी परागासाठी पाय वापरते. अंगावरच्या केसांना चिकटलेला पराग पुढच्या पायांनी मागे सारते, मकरंदाने ओला करते आणि मागच्या पायांवरच्या टोपल्यांत दाबून बसवते. मोहरीच्या दिवसांत दाराशी पाच मिनिटं बसा. दर काही सेकंदांनी एक माशी दोन पिवळ्या गोळ्या घेऊन धपकन उतरते. ओझं इतकं की कधी फळी चुकते आणि गवतात पडते, तिथून चालत वर येते.

प्रजननाच्या रकान्यात मात्र लेकीला चांगलाच मसाला मिळेल.

पॉसमचं नवजात पिल्लू साधारण पाच मिलिग्रॅमचं असतं. जगातल्या सस्तन प्राण्यांत इतकं लहान पिल्लू दुसऱ्या कुणाचं नाही. म्हणजे शंभर माश्यांएवढ्या आईचं पिल्लू एका माशीच्या विसाव्या भागाएवढं. तांदळाचा दाणा त्याच्यापेक्षा कितीतरी जड. ते आंधळं, केस नसलेलं पिल्लू आपलं आपण सरपटत पिशवीत जातं, सडाला तोंड लावतं आणि सुमारे दोन महिने तिथेच राहतं. पिशवीत सड चार, पिल्लं बहुधा दोन-तीन. बाहेर येताना एकेक अडीच ग्रॅमचं झालेलं असतं, म्हणजे तीन पिल्लं मिळून आईच्या जवळपास वजनाची. मकरंद आणि परागावर एवढं दूध करायचं, म्हणून ते हळूहळू वाढतं. आणखी गंमत म्हणजे पिशवीत पिल्लं असतानाच गर्भाशयात पुढची जोडी थांबवून ठेवलेली असते, वाढ रोखून. पहिली पिल्लं सुटली की दुसरीचं काम सुरू.

माशीकडे अंडं तीन दिवस, अळी सहा दिवस, झाकणाखाली बारा दिवस. एकविसाव्या दिवशी कामकरी माशी बाहेर. या सहा दिवसांत अळी हजार पटींहून जास्त वाढते. तिला जे भरवतात ते तरुण दायी माश्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींतून निघतं. पांढरं, दाटसर, पराग खाऊन तयार केलेलं. आम्ही दूधच म्हणतो. भिंग लावून पाहिलं तर घराच्या तळाशी अळी त्या दुधात चंद्रकोरीसारखी तरंगताना दिसते. पॉसमची पिशवी आणि मेणाचं घर, दोन्हीकडे स्थिर ऊब, दोन्हीकडे पराग खाऊन केलेलं दूध. मेहरिंगचं म्हणणं इथे मला सगळ्यात जास्त पटतं.

आणि वसाहतीचं पिल्लू कोण? तर झुंड, म्हणजे नवी वसाहत करायला बाहेर पडलेला माश्यांचा जथा. वर्षात एखाद-दुसरी झुंड निघते, म्हणजे या दोन-तीन किलोच्या जनावराला वर्षाला एक-दोन पिल्लं, अगदी मोठ्या सस्तन प्राण्यासारखी. राणी दिवसाला दीड-दोन हजार अंडी घालते, पण ती अंडी म्हणजे या देहाची झीज भरून काढणं. हंगामात कामकरी माशी सहा आठवडे जगते, पंख फाटतात आणि संपते. पॉसम एक-दोन वर्षं. राणी दोन-तीन.

नरांबद्दल लिहायचं की नाही ते ताई, तुम्ही ठरवा, पण शास्त्र म्हणून फार रंजक आहे. राणी आयुष्याच्या सुरुवातीला हवेत दहा ते वीस नरांशी संग करते, ते शुक्राणू एका पिशवीत साठवते आणि त्यावर पुढची वर्षं काढते. नर त्या संगातच मरतो. पॉसमची मादीही एकापेक्षा जास्त नरांकडे जाते, एकाच वेळच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे निघाल्याचं तपासण्यांत दिसलंय. जिथे अनेक नरांचे शुक्राणू एकमेकांशी स्पर्धा करतात, तिथे ते मोठे किंवा जास्त होत जातात. पॉसमचा शुक्राणू ०.३६ मिलिमीटर लांब, सस्तन प्राण्यांतला सर्वांत लांब. देवमासासुद्धा त्याच्या मागे. वृषणं वजनाच्या चार टक्क्यांहून जास्त. साठ किलोच्या माणसाला याच मापाने लावली तर अडीच किलो होतील. मधमाशीचा शुक्राणू पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पॉसमच्या फार मागे नाही. आणि कीटकांत हा विक्रम कोणाचा? ड्रॉसोफिला बायफर्का नावाच्या चिमुकल्या माशीचा. तिचा एक शुक्राणू ५.८ सेंटिमीटर, गुंडाळी करून ठेवलेला. नुसती लांबी मोजायची झाली तर सस्तन प्राण्यांनी कीटकांपुढे बोलूच नये.

परागणाच्या प्रश्नावर मी माशीचा माणूस असूनही पक्षपात करणार नाही. कोण चांगलं, हे फुलावर अवलंबून असतं.

मोहरीचं फूल माशीसाठी ठीक मापाचं. चार पाकळ्या, बुडाशी मकरंद, आत डोकं घातलं की पराग कपाळाला. माशीचा मोठा गुण म्हणजे ती एका फेरीत एकाच जातीच्या फुलांवर जाते. मोहरीचा पराग मोहरीलाच पोचतो, धण्यावर वाया जात नाही. इथली बहुतेक मोहरी राई जातीची आहे, ती स्वतःचं परागण बऱ्यापैकी स्वतः करते. तरी माश्या असल्या की दाणे भरण्यात फरक दिसतो. शेतकरी पूर्वी पेट्या लावू देत नसत, माश्या फुलाचा रस चोषून पीक हलकं करतात म्हणायचे. आता स्वतः फोन करतात.

बँक्सियाचं फूल पाहिलं तर कणसासारखं असतं. शेकडो, काही जातींत हजारो बारीक फुलं दाटीने बसलेली, प्रत्येकातून एक लांब ताठ दांडी बाहेर आलेली. पराग त्या दांडीच्या टोकावर, मकरंद खाली बुडाशी. माशी दांड्यांच्या मधून खाली शिरते, मकरंद पिते आणि टोकाला न शिवता निघून जाते. फुलाच्या दृष्टीने ही शुद्ध चोरी. पॉसम थोबाड खुपसतो, दांड्यांची टोकं त्याच्या नाकाडावर आणि कपाळाच्या केसांवर घासतात, पराग माखतो, पुढच्या झाडावर तो दांडीला लागतो. काही बँक्सियांची फुलं तर जमिनीजवळ, झुडपाच्या आत दडलेली, रंगाने मातकट, वासाने उग्र. ती फुलं माशीला दाखवायला उमललेलीच नाहीत. पॉसमच्या पंज्यांना नखांऐवजी बोटांच्या टोकाशी गादी असते आणि मागच्या पायाचा अंगठा पकड घेतो, त्यामुळे तो बारीक काटक्यांवरून सहज हिंडतो. बहुतेक पहाटे, संध्याकाळी आणि रात्री. माशी दिवसा. रंग ओळखण्यातही फरक आहे. माशीला अतिनील, निळा आणि हिरवा दिसतो, तांबडा दिसत नाही. पॉसमच्या डोळ्यात तीन प्रकारच्या रंगपेशी असल्याचे पुरावे मिळालेत, त्यामुळे कुठलं कणीस ताजं फुललंय हे त्याला रंगावरून कळत असावं.

आता एक गोष्ट, जी पुस्तकात सहसा दोन वेगळ्या धड्यांत असते. हे दोघं एकमेकांना खरोखर भेटतात. आपण पेटीत पाळतो ती इटालियन माशी मूळची ना भारताची, ना ऑस्ट्रेलियाची. भारतात ती १९६२ च्या सुमारास नगरोटा बगवांला रुजली, आज हिमाचलात आहे ते. ऑस्ट्रेलियात त्याच जातीची युरोपातली माशी इंग्रजांनी १८२२ मध्ये सिडनीला नेली, पुढे ती पश्चिमेकडे पोचली, पेट्यांतून निसटून रानातल्या झाडांच्या ढोलीत वसली. आज पॉसम ज्या बँक्सियावर रात्री येतो, तिचाच मकरंद दिवसा ही माशी उपसत असते. पॉसमचं नेमकं किती नुकसान होतं यावर तिथे वाद आहे. जात म्हणून पॉसम अजून धोक्यात गणला जात नाही. त्याला जास्त भीती आहे ती वणव्यांची, मांजरांची, कोल्ह्यांची आणि बँक्सियाची मुळं कुजवणाऱ्या फायटॉफ्थोरा नावाच्या रोगाची. बँक्सिया गेली की त्याचं पंचांगच फाटलं. तिकडच्या माश्यांवरही संकट आहे. व्हरोआ नावाचा गोचिडासारखा जीव आपल्याकडे आम्ही कित्येक वर्षं सोसतोय. ऑस्ट्रेलिया २०२२ पर्यंत त्यापासून मुक्त होता. त्या वर्षी जूनमध्ये न्यूकॅसल बंदराजवळ सापडला, लाखो माश्या मारून तो संपवायचा प्रयत्न झाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने ते सोडून दिलं.

राहिला चौथा रकाना, उपयोग. हा रकाना मला कधीच आवडला नाही. मधमाशीपुढे मध, मेण, परागण, रोजगार असं भरभरून लिहितात आणि पॉसमपुढे रेघ मारतात. उपयोग कोणाला, हे विचारा. बँक्सियाला विचारलं तर उत्तर उलटं येईल. शिक्षकांना चालत असेल तर लेकीने त्या रकान्याचं नाव बदलून 'फुलांशी नातं' करावं.

आणि ग्वाल्हेरला जगेल का? नाही. उन्हामुळे तर नाहीच, पण मुख्य म्हणजे मे ते ऑगस्ट त्याला आपण रोज ताजा मकरंद आणि पराग कुठून देणार? साखरेच्या पाकावर माश्यांची वसाहत तगते, कारण तिच्याकडे आधीचा साठवलेला पराग असतो. पॉसमला दोन्ही रोजच्या रोज लागतात. आपल्याकडे पाळीव म्हणून विकतात तो शुगर ग्लायडर. तोही शिशुधानीच, पण दहापट मोठा, किडे आणि झाडाचा डिंकही खाणारा. फोटोखाली कुणी हनी पॉसम लिहून विकत असेल तर समजा फसवतोय. आपल्याकडे रात्रीच्या फुलांचं काम वटवाघळं करतात: सावर, मोह. लेकीला स्थानिक उदाहरण हवं असेल तर तेच द्या.

माशी प्रत्यक्ष पाहायची असेल तर जानेवारीत मोहरीच्या शेताकडे या, धुकं उठल्यावर, अकरानंतर. अत्तर, केसांना सुवासिक तेल नको, गडद किंवा लोकरीचे कपडे नकोत, माश्या केसाळ गोष्टीत अडकून चिडतात. पेटीच्या दारासमोर उभं राहायचं नाही, बाजूला बसायचं. लेकीबरोबर वही द्या आणि दहा मिनिटांत किती माश्या गोळ्या घेऊन आल्या, किती नुसत्या आल्या, हे मोजायला सांगा. ज्या नुसत्या आल्यासारख्या वाटतात त्यांच्यातल्या बऱ्याच मकरंद आणत असतात. त्यांचं पोट फुगलेलं आणि उतरताना खाली झुकलेलं असतं, ते ओळखायला थोडा वेळ लागेल.